मोतुलीच्या खोऱ्यात ओ देत नाहीत

रिलधारमध्ये मला पहिल्यांदा खटकली ती आमाची पाठ.

आम्ही पोचलो त्या संध्याकाळी बाबांना पाय शेकायला गरम पाणी हवं होतं, म्हणून मी अंगणातून हाक मारली, "आमा!" आम्ही जिच्या घरी उतरलो होतो ती आजी, सगळ्या गावाची आमा, चुलीपुढे पाठमोरी बसली होती. हाक तिला ऐकू गेली. कणीक मळणारा तिचा हात थांबला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण तिने ओ दिली नाही की मान वळवली नाही. मी पुन्हा हाक मारली. मग तिने हात पुसले, उठली, अंगण ओलांडून सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली, इतकी जवळ की तिच्या शालीचा धुराचा वास आला, आणि माझ्या कोपराला दोन बोटं लावून म्हणाली, "बोल."

मी दचकले. मी तशी कशालाही दचकते, कुकरच्या शिट्टीलासुद्धा, त्यामुळे बाबांनी ते मनावर घेतलं नाही. पण मी घेतलं. नंतर माझ्या लक्षात आलं की त्या गावात कोणीच कोणाला ओ देत नाही. मुळात हाकच कोणी मारत नाही. शेजारणीला मीठ मागायचं तर बाई उठून तिच्या दारापर्यंत जाते. खेळणाऱ्या पोरांना जेवायला बोलवायचं तर आई शेतापर्यंत चालत जाऊन खांद्याला धरून आणते. आणि प्रत्येक दाराला, आपल्याकडे तोरण असावं तशी, एक काशाची थाळी टांगलेली. सगळ्या थाळ्यांच्या कडा ठोकून ठोकून चेपलेल्या.

"इथे मोबाईलला रेंज नाही आणि माणसांनाही नाही," बाबा हसत म्हणाले.

मला हसू आलं नाही. आमाच्या गोठ्यात खुंटीला एक निळा रेनकोट लटकत होता, शहरातल्या दुकानातला, चांगल्यापैकी महागडा. एक बाही खांद्यापासून फाटलेली. मी विचारलं, "हा कोणाचा?" आमाने रेनकोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि गाईपुढे चारा टाकायला लागली.

रिलधार हे गाव कुमाऊंत आहे. मुनस्यारीच्या पुढे जीपचा रस्ता संपतो, तिथून चालत जावं लागतं. बाबांनी, म्हणजे अकोल्याच्या शाळेतल्या मांडलिक सरांनी, तीस वर्षं भूगोल शिकवला. हिमनदीचं कार्य हा धडा त्यांच्या इतक्या आवडीचा की त्यासाठी ते रंगीत खडू घरून न्यायचे. पण प्रत्यक्षात हिमनदी सोडाच, त्यांनी बर्फही रसवंतीच्या लाकडी पेटीतलाच पाहिलेला. निवृत्तीनंतर म्हणाले, "शरू, मला एकदा यू आकाराची दरी दाखव." मी एम.ए. करते, सुट्टी होती, आणि आई म्हणाली की त्यांना एकटं सोडू नकोस. बाबांना मधुमेह आहे. सकाळची गोळी घेतली की वेळेवर खावं लागतं. नाहीतर साखर उतरते, हात थरथरायला लागतात, आणि मग ते कुठेही बसतात आणि काहीही बोलतात. म्हणून खाण्याचा डबा कायम माझ्या सॅकमध्ये. तसं मी आईला कबूल केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी माझ्या खोलीचं दार वाजवलं. ठक-ठक, थोडं थांबून, ठक. वर्ग शांत करायची ही त्यांची जुनी खूण. डस्टर शाळेत राहिला, सवय बोटांच्या पेरांत उरली. घरी मोरीच्या दारावर, जेवणाच्या टेबलावर, सगळीकडे हेच. मी लहानपणापासून ऐकते आहे, तरी त्या सकाळी उशीवरून उडालेच.

आम्हाला खोऱ्यात नेणार होते ते आमाचे नवरे, हयातसिंह. गाव त्यांना बूबू म्हणायचं, म्हणजे आजोबा. फौजेत असताना ते काही वर्षं पुण्याला खडकीत होते.

"मराठी मी सगळा समजतो," ते म्हणाले. "बोलतो तेव्हा जरा त्याची टांग तुटते."

"तुटू द्या हो," बाबा म्हणाले. "आमची हिंदी तर जन्मापासून लंगडी आहे."

दोघांचं तिथेच जमलं. माझं जमेना. वाटेत मी दोनदा हाक मारली, "बूबू, जरा हळू!" दोन्ही वेळा ते थांबले, उलट चालत माझ्यापर्यंत आले, माझ्या मनगटाला हात लावला आणि मग विचारलं, "काय?" पुढे चालताना ते सारखे वळून आमचे चेहरे बघायचे. मेंढपाळ कळप बघतो ना, तसं. त्यांच्या झोळीत काहीतरी धातूचं वाजत होतं. मी बाबांच्या कानात म्हटलं, "हा माणूस काहीतरी लपवतोय."

"शरू, तुला पोस्टमनसुद्धा काहीतरी लपवताना दिसतो."

एका वळणावर खोरं उघडलं. दोन्ही बाजूंना सरळसोट काळ्या भिंती, मधे परातीसारखा रुंद, सपाट, हिरवा तळ. उजव्या भिंतीत खूप उंचावर दुसरी एक छोटी दरी मधेच तोडल्यासारखी संपलेली, आणि तिच्या ओठावरून धबधबा थेट खाली. तळाच्या मधोमध मोठमोठ्या धोंड्यांची एक ओळ, एकामागे एक, लांबवर जाणारी. आणि पार वरती, खोऱ्याच्या डोक्याशी, उरलीसुरली हिमनदी मळक्या चादरीसारखी.

"लोंबती दरी," बाबा हळूच म्हणाले. "आणि यू बघ, यू! फळ्यावर मी भिंती फारच बुटक्या काढायचो गं."

त्यांचे डोळे भरले होते. मी दुसरीकडे पाहिलं.

त्या धोंड्यांच्या ओळीत एका मोठ्या दगडाच्या आडोशाला आम्ही बसलो. बूबूंनी झोळीतून ते वाजणारं बाहेर काढलं. काशाची थाळी होती, दाराला असते तशीच, चेपलेल्या कडांची. जेवणाची नव्हती. त्यांनी ती मांडीवर ठेवली. समोरची भिंत पाहून बाबांनी तोंडाभोवती दोन्ही हात धरले. "शरू, ही भिंत बर्फाने घासून किती गुळगुळीत केलीय बघ. आवाज कसा चेंडूसारखा परत येईल. थांब हं..."

बूबूंनी झडप घालून बाबांच्या तोंडावर पंजा दाबला.

मी किंचाळणारच होते. बूबूंनी दुसरा हात माझ्याकडे करून नुसती मान हलवली. मग पंजा काढला, बाबांचा शर्ट नीट केला आणि म्हणाले, "माफ करा सर. इथे नाही ओरडायचा. का नाही, ते सांगतो. मग तुम्ही मला शिव्या द्या."

त्यांनी जे सांगितलं, ते त्यांच्या टांग तुटलेल्या मराठीतून आणि हिंदीतून नीट लावून मी इथे लिहिते आहे.

फार पूर्वी, म्हणे, या खोऱ्याला तळच नव्हता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळा बर्फ. गाव तेव्हा खाली नव्हतं, वर कड्याच्या धारेवर होतं. बर्फाच्या त्या नदीला लोक गल म्हणायचे. गल चालायचा. चालताना कोणाला दिसायचा नाही, पण आजोबाने पाहिलेला धोंडा नातवाला कितीतरी खाली दिसायचा. गलाला पाठ होती, पोट होतं, भेगांची तोंडं होती. एक आवाज तेवढा नव्हता. आणि ज्याच्याकडे आवाज नाही, त्याला तो दुसऱ्याचा हवा असतो, असं सांगतात.

घाटापलीकडून मीठ आणणारे तांडे पावसाळा सरला की गल ओलांडून घरी परतायचे. मेंढ्यांच्या पाठीवर मिठाच्या छोट्या पिशव्या, मागे माणसं. धुकं पडलं की धारेवरून बायका नावं घेऊन हाका मारायच्या. खालून पुरुष ओ द्यायचे आणि हाकेच्या रोखाने चालत यायचे. किती पिढ्या हे चाललं कोण जाणे. गल खाली पडून नुसता ऐकत होता.

एका वर्षी त्याने ओ दिली.

कल्याण नावाच्या माणसाच्या बायकोने हाक मारली, तर कल्याणच्या आवाजातली ओ भलतीकडूनच आली. खाली कल्याणला बायकोची हाक समोरून ऐकू आली. ती बिचारी मागच्या धारेवर उभी. तो समोर चालत गेला, आणि समोर भेग होती. त्या वर्षी अर्धाच तांडा घरी आला, म्हणे. मेंढ्या मात्र सगळ्या आल्या. मेंढ्या हाकेवर चालत नाहीत. पुढच्या मेंढीच्या गळ्यातल्या घंटेवर चालतात.

हे कोणाच्या लक्षात आलं नाही, एकट्या मोतुलीच्या आलं. मोतुली दुसऱ्या खोऱ्यातून आलेली नवी सून. तोंडाची तिखट. सासू म्हणायची, हिची जीभ चुलीत घातली तर महिनाभर लाकूड आणायला नको. पुढच्या वर्षी तांड्यात मोतुलीचा नवरा होता, पदम. तांडा गलावर आला आणि धुकं उतरलं. बायका धारेवर जमल्या. पहिल्या बाईने तोंड उघडलं, तोच मोतुलीने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"गलाला बोलायला आपणच शिकवलं," ती म्हणाली. "आज कोणी हाक मारायची नाही. आणि धुक्यातून कोणीही, कोणाच्याही आवाजात हाक मारली, तरी ओ द्यायची नाही. देवीची शपथ घ्या."

सासूने विचारलं, "आणि माझ्याच पोराने मारली तर?"

"तर मी तोंडाने नाही, पायाने ओ देईन."

माहेरहून आलेली काशाची थाळी घेऊन ती एकटी गलावर उतरली. थाळी वाजवायची, थोडं चालायचं, थांबून पुन्हा वाजवायची. गलाने त्या आवाजाची नक्कल करून पाहिली, पण काशाचा आवाज त्याच्या घशात बसेना. तांड्यातली माणसं थाळीच्या रोखाने येत गेली, येईल त्याच्या ओठांवर ती बोट ठेवायची, आणि ती एकमेकांच्या कमरेची दोरी धरून तिच्यामागे ओळीने चालू लागली. भोवती धुक्यात नुसत्या हाका. कोणाची आई, कोणाची बहीण, कोणाचं गेल्या वर्षी गेलेलं माणूस. कोणी ओ दिली नाही.

ओळ धारेच्या जवळ आली, तेव्हा मागून हाक आली. "मोतुली, थांब. माझा पाय अडकलाय."

आवाज पदमचा होता. ती थांबली. मागची सगळी ओळ थांबली. एकट्यात तो तिला ज्या नावाने बोलवायचा त्या नावाने दुसरी हाक आली, असंही काही जण सांगतात. पण गलाने तेही कधी ऐकलं नसेल कशावरून? धुक्यात मागचं माणूस दिसत नव्हतं. पदम ओळीत आहे की नाही, हे विचारायचं तरी कसं, तोंड न उघडायचीच तर शपथ होती. मोतुली तिथे किती वेळ उभी राहिली, कोणालाच सांगता आलं नाही. मग तिने थाळी वाजवली आणि पुढे चालू लागली.

वर पोचल्यावर सासूने एकेकाच्या तोंडावरून हात फिरवून माणसं ओळखली. सगळे होते. पदम नव्हता.

मोतुलीने थाळी सासूच्या हातात दिली, म्हणाली, "वाजवत राहा", आणि ती परत खाली उतरली. या वेळी तिने ओ दिली. अशी दिली की धारेवरच्या लोकांच्या पायाखालचा दगड हलला, म्हणे. ओ दूर दूर जात राहिली. गलाने तोपर्यंत माणसांचे आवाज चोरले होते, कोणी आपण होऊन त्याला दिला नव्हता. तो एक आवाज त्याला पचला नाही. गल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तडकला आणि हिवाळाभर खाली वाहत राहिला. वसंतात लोकांनी पहिल्यांदा खोऱ्याचा तळ पाहिला. गवत होतं, पाणी होतं, आणि मधोमध ही धोंड्यांची ओळ, तांडा चालावा तशी. आणि वर, जिथून गलाचा एक हात तुटला होता, तिथून पाणी पडू लागलं. त्याला मोतुलीची छीड म्हणतात, म्हणजे धबधबा; तिची ओ त्यात अजून ऐकू येते, म्हणे. मोतुली सापडली नाही. पदमही सापडला नाही. सासू मरेपर्यंत दारात बसून थाळी वाजवत राहिली.

"मग हाक पदमचीच होती की बर्फाची?" मी विचारलं.

"माझी आजी सांगायची, त्याचीच होती, आणि मोतुली पोचली त्याच्याजवळ. आमा म्हणते, नाही पोचली. पोचली असती तर धबधबा अजून ओरडला असता का? चाळीस साल झाले लग्नाला, यावरच भांडतो आम्ही."

बाबा धोंड्यांच्या ओळीकडे बघत होते. "बूबू, दोन हिमनद्या एकत्र येतात ना, तेव्हा मधोमध दगडांची अशीच ओळ उरते. मध्य हिमोढ म्हणतात."

"असेल सर. दोघं एकत्र आले, हेच तर मी पण सांगतो."

बाबा इतके खूश झाले की त्यांनी बूबूंच्या पाठीवर थाप मारली. मला मात्र ते सगळं फार बेतल्यासारखं वाटत होतं. प्रवाशांना सांगायची गोष्ट. मी म्हटलं, "आणि तो निळा रेनकोट?"

बूबूंचं हसू गेलं. "बंगलोरचा एक साहेब आला होता मित्रांबरोबर. धुकं आलं. त्यांनी हाका मारल्या, यानेही ओ दिली. मग ते एकमेकांचे आवाज शोधत फिरले. हा त्या खालच्या घळीत पडला. थाळी वाजवत आम्ही गेलो तेव्हा सापडला, टांग मोडलेली. वाचला. कोट इथेच टाकून गेला. आमाला तो कोट बघितला की अजून कापरं भरतं. म्हणून बोलली नाही ती. तुला वाटलं असेल, आम्ही त्याला खाल्ला."

मला तसंच वाटलं होतं. मी मान खाली घातली.

बूबू उठले. पुढच्या नाल्यावर लाकडाचा ओंडका टाकलेला असतो, तो पाण्याने जागेवर ठेवलाय का, बघून येतो म्हणाले. "इथून हलायचा नाही. ढग खाली येतोय. आला तर हे वाजव, मी येतो." आणि थाळी त्यांनी माझ्या हातात दिली. "हाक नाही, बेटी. काही झालं तरी हाक नाही."

ते गेले. मी डबा काढायला वाकले. दशम्या होत्या, गुळाचे लाडू होते. बाबांची खायची वेळ झालीच होती. सॅकची चेन अडकली. मी ती ओढत असताना बाबा म्हणाले, "शरू, ती बघ मेषशिला! एका बाजूने घासलेली, एका बाजूने तुटलेली. ओरखडे दिसतायत का एवढं बघून आलोच. हा काय, इथेच."

"बाबा, आधी खाऊन..."

चेन सुटली. मी डबा हातात घेऊन वर पाहिलं, तर समोर काही नव्हतं. कोणी फळा पुसावा तसं सगळं पुसलेलं. भिंती नाहीत, धबधबा नाही, तो खडक नाही. माझेच बूट मला धुरकट दिसत होते.

आणि मी काय केलं? हयातसिंहांनी सांगितलेलं सगळं, मोतुली, कल्याण, तो रेनकोट, सगळं एका क्षणात विसरले आणि जीव खाऊन ओरडले, "बाबाऽऽ!"

"ओऽऽ!"

लगेच आली. डावीकडून, स्वच्छ, बाबांच्याच आवाजात. लहानपणी मी हाकेला उत्तर दिलं नाही की बाबा रागवायचे. हाक मारली की ओ द्यायची, समोरच्याला वाट बघायला लावायचं नाही, हे त्यांनीच मला शिकवलं. त्यांनी ओ दिली नसती तरच नवल.

मी डावीकडे धावले. चार पावलं गेले असेन, आणि पायाखालची वाळू खाली घसरली. घसरलेले खडे पडल्याचा आवाज मला ऐकूच आला नाही, इतका वेळ लागला. मग आला, खूप खालून. घळ होती.

मी बसले. तिथेच, ओल्या गवतात, बसूनच मागे सरकत त्या धोंड्यापाशी आले.

"शरूऽऽ! अगं इकडे! मी इकडे आहे!"

पुन्हा डावीकडून. घळीच्या पलीकडून. मग तोच आवाज वरून. मग मागून, जरा लांबून. बाबांचाच. त्यांची ती 'अगं' म्हणायची पद्धत, शेवटी थोडं ओढून. मी बाहेरच्या कोणाला सांगितलं तर हसतील, पण त्या वेळी मला खरोखर कळत नव्हतं की तिकडे बाबा आहेत की दुसरं कोणी. मनात एक शहाणी शरू सांगत होती की ही भिंतीवरून उलटणारी हाक आहे, बाबांनी मघाशीच तर समजावलं. पण मग बाबा कुठे आहेत? आवाज भिंतीवरून येतोय, तर माणूस कुठे?

"शरू, मला जरा गरगरतंय गं."

माझ्या हातात डबा होता. सकाळची गोळी त्यांनी माझ्यासमोर घेतली होती.

मोतुली किती वेळ उभी राहिली ते कोणालाच सांगता आलं नाही, असं बूबू म्हणाले होते. आता मला कळलं का. असा वेळ मोजता येत नाही. ओ दिली, तर बाबा माझ्या आवाजाच्या रोखाने चालायला लागतील, आणि माझा आवाज त्यांना त्या घळीच्या बाजूनेच ऐकू येत असणार. नाही दिली, तर त्यांना वाटेल मी निघून गेले. आणि तो आवाज बाबांचा नसलाच, तर? असलाच, तर? मघाशी बूबूंना मी ज्या दिमाखात विचारलं होतं, पदमची होती की बर्फाची, त्याची मला लाज वाटली. दोन्ही होती. हाक पदमचीच होती, आणि पदम जिथून ती ऐकू आली तिथे नव्हता. बिचारी मोतुली दोन्ही बाजूंनी बरोबर होती.

मी तोंडावर मफलर बांधला, स्वतःचाच भरवसा नव्हता म्हणून. थाळी उचलली. डब्याचं झाकण काढलं आणि त्याने थाळीच्या चेपलेल्या कडेवर मारलं.

तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. देवळातल्या घंटेसारखा तो सगळीकडे पसरत नाही. एका जागेवरून निघतो आणि त्या जागेला धरून राहतो. मी मारत राहिले. घण्ण. थांबायचं. घण्ण.

"शरू? शरू, ओ दे ना!"

घण्ण.

"शरू..."

मी रडत होते, हे मला मफलर ओला लागल्यावर समजलं. घण्ण. थांबायचं. बूबू कुठे आहेत? ऐकू जातंय का त्यांना? पाण्याच्या आवाजात जाणार नाही कदाचित. घण्ण.

मग हाका थांबल्या. सगळ्याच. डावीकडची, वरची, मागची. धुक्यात फक्त धबधबा उरला, आणि तो काय म्हणतोय ते आता मला ऐकू येत होतं.

हाक थांबली याचा अर्थ काय असतो, ते मोतुलीला धारेवर पोचल्यावर कळलं. मी तोंडावरचा मफलर दोन्ही हातांनी घट्ट केला आणि पुन्हा झाकण उचललं. गोष्ट संपवताना बूबू जे म्हणाले होते ते मनात घोळवत राहिले, दुसरं काही घोळवायचं धाडस नव्हतं. आजही या खोऱ्यात हाकेला तोंडाने ओ देत नाहीत. आजही नव्या सुनेबरोबर माहेरची थाळी येते आणि ती दाराला टांगतात. आजही ज्याला हाक ऐकू येते तो उठतो, चालत जातो, हात लावून माणूस ओळखतो, आणि मगच बोलतो. आणि आजही, असं सांगतात, धुक्यात थाळी वाजली तर खोऱ्यात ज्याला ज्याला ती ऐकू जाईल त्याने आपल्याकडे जे काही असेल ते वाजवायचं, दगड असो, काठी असो, नुसती बोटं असोत, पण गप्प राहायचं नाही.

घण्ण.

थांबले.

घण्ण.

उजवीकडून, डावीकडून नव्हे, उजवीकडून, आणि अगदी जवळून, त्या मेषशिलेच्या बाजूने असावं, दगडावर दगड वाजल्याचा आवाज आला.

ठक-ठक.

मी श्वास धरला.

थोडं थांबून, ठक.